घाई कुणाची, भार कुणावर?

२०२२ सालच्या ऑगस्टची गोष्ट. रात्री साडेअकराला धुळ्याहून शेजाऱ्यांचा फोन आला. आमची आई न्हाणीघरात घसरून पडली होती. तिला उठता येत नव्हते. पहाटेच्या एस.टी.ने आम्ही जळगावहून निघालो. एरंडोल, पारोळा मागे टाकत धुळ्याला पोहोचेपर्यंत शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात नेले होते. खुब्याचे हाड मोडले होते. ऑपरेशन झाले आणि बाराव्या दिवशी आम्ही तिला गाडीत आडवी घालून जळगावला आणले.

खरी अडचण पुढेच होती. आम्ही कचेरीत कारकून. आमच्या पत्नी अंगणवाडी सेविका. दोघांच्या रजा संपत आलेल्या. सोमवारी कामावर हजर व्हायचे आणि आज गुरुवार. आईला कुशीवर वळवणे, भांडे देणे, अंग पुसणे, वेळेवर गोळ्या देणे, हे सारे कुणी करायचे? आम्ही वस्तीत सांगितले, विहारात सांगितले, किराणा दुकानदाराच्याही कानावर घातले. शनिवारी संध्याकाळी दुकानदाराच्या ओळखीने एक बाई दारात येऊन उभी राहिली. वय अडतीस, शिक्षण सातवी, नवरा वारलेला. मुलगी एरंडोल तालुक्यात आजीजवळ. "राहून काम कराल का?" असे आम्ही विचारले. ती "हो" म्हणाली. दहा हजार रुपये आणि जेवण, एवढे ठरले. दहा मिनिटांत सगळे आटोपले. आम्हाला वाटले, सुटलो!

तिचे नाव येथे छापत नाही. आम्ही तिला ताई म्हणतो, म्हणून येथेही ताईच म्हणू.

ताईचे काम पाहून आम्ही थक्क झालो. आईच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही. औषधांच्या वेळा तोंडपाठ. आईशी अहिराणीत गप्पा मारी, तिला हसवी. एकदा आम्ही सहज विचारले, "ताई, हे सगळे कुठे शिकलात?" ती म्हणाली, "कुवेतमा." आम्ही "अरे वा!" म्हटले आणि कचेरीला निघून गेलो. पुढे काही विचारले नाही. माणूस घरात आणताना त्याच्याविषयी जे विचारायला हवे, ते आम्ही घाईत विचारले नव्हतेच. घाई सरल्यावरही विचारले नाही.

ऑक्टोबरमध्ये एका शुक्रवारी ताई म्हणाली, "दादा, रविवारी घरी जायचे होते. मुलीचा दहावीचा फॉर्म भरायचा आहे." आम्ही वर्तमानपत्र वाचत होतो. मान वर न करता म्हणालो, "पण मग आईजवळ कोण थांबणार?"

ताई थोडा वेळ उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "दादा, तठे बी असंच सांगेत."

तिथेही असेच म्हणत. बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. पण आमच्या हातातले वर्तमानपत्र खाली आले. पलंगावरून आई म्हणाली, "तिले जाऊ दे. एक रोज तू कर मनं."

आमची आई असे म्हणाली याला कारण आहे. वडील गेल्यावर तिने धुळ्यात बारा वर्षे लोकांच्या घरी धुणी-भांडी केली. त्याच पैशांवर आम्ही बी.कॉम. झालो. ताप असला तरी ती कामाला जायची, कारण "पाहुणे यायचे आहेत" असा निरोप यायचा. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. आणि आता तेच वाक्य आमच्या तोंडून निघाले होते.

त्या रात्री आम्ही ताईला समोर बसवले आणि विचारले, कुवेतला काय झाले?

२०१६ साली नवरा गेला. वर्षभरात कर्ज डोक्यावर आले. ओळखीतून एक एजंट भेटला. म्हणाला, कुवेतला एका घरची बाई अचानक निघून गेली आहे, त्यांना आठ दिवसांत बाई हवी, महिना वीस हजार, तिकीट फुकट. विचार करायलाही वेळ दिला नाही. "आज हो म्हण, नाहीतर दुसरी तयार आहे." मुंबईहून दुबई, तेही पाहुणी म्हणून फिरायला येण्याच्या व्हिसावर. तिथून पुढे कुवेत. करार अरबीत होता. त्यावर तिचा अंगठा घेतला, सहीसुद्धा नाही. पोहोचताच पासपोर्ट मालकाने कपाटात ठेवला. पगार निघाला ६० दिनार, म्हणजे त्यावेळचे तेरा हजारांच्या आसपास. घरात नऊ माणसे. पहाटे पाचला उठायचे, रात्री बाराला अंग टेकायचे. दीड वर्षात एक सुटी नाही. शेवटी पाच महिन्यांचा पगार थकला तेव्हा एका केरळी बाईच्या मदतीने ती भारतीय वकिलातीच्या आसरागृहात गेली. २०१८ च्या सुरुवातीला कुवेत सरकारने कागदपत्रे नसलेल्या परदेशी लोकांना दंड न भरता मायदेशी जाण्याची मुदत दिली होती. त्या मुदतीत ती परत आली. थकलेला पगार तिथेच राहिला.

आम्ही कारकून माणूस. कागद पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. दुसऱ्या दिवसापासून मिळेल तिथून माहिती जमवली. तेव्हा कळले ते असे.

कुवेतमध्ये २०१५ साली घरकामगारांसाठी ६८ क्रमांकाचा स्वतंत्र कायदा झाला. दिवसाला १२ तासांहून अधिक काम नाही. आठवड्याला एक सुटी. वर्षाला पगारी रजा. पासपोर्ट मालकाने स्वतःजवळ ठेवायचा नाही. २०१६ साली किमान पगार ६० दिनार ठरला. म्हणजे ताई गेली तेव्हा कायदा होता. पण बंद दाराच्या आत तो पोहोचला नाही. मालक ज्याच्या नावावर बाईचा व्हिसा, त्याच्या मर्जीशिवाय ती दुसरीकडे कामाला जाऊ शकत नव्हती. तक्रार करायची तर घराबाहेर पडावे लागते, आणि बाहेर पडली की ती 'पळून गेलेली' ठरते. २०१८ साली एका फिलिपिनो कामगार स्त्रीचा मृतदेह कुवेतमध्ये फ्रीझरमध्ये सापडला. तेव्हा फिलिपाइन्सच्या सरकारने आपल्या बायकांना तिकडे पाठवणे बंद केले आणि त्याच वर्षी मे महिन्यात कुवेतशी लेखी करार करूनच बंदी उठवली.

हे वाचून आम्ही संतापलो. मग एका कोऱ्या कागदावर आमच्याच घरचा हिशेब मांडला. ताई पहाटे पाचला उठते. रात्री साडेदहाला झोपते. मधे दुपारी दोन तास पडते, तेही आई झोपली तर. रात्री आईसाठी दोनदा उठते. बेरीज पंधरा तासांच्या वर गेली. दोन महिन्यांत सुट्या किती? शून्य. अरबाच्या कायद्याने दिलेले १२ तास आणि आठवड्याची सुटी आमच्या घरात नव्हती. बी.कॉम. होऊन वीस वर्षे लोकांचे हिशेब तपासले, पण घरातला हा हिशेब आम्ही कधी मांडलाच नव्हता.

दर १४ एप्रिलला आम्ही व्यासपीठावरून सांगतो की, परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याचे मंत्री होते, आणि कारखान्यातल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली. टाळ्याही पडतात. त्या टाळ्या घेऊन आम्ही ज्या घरी परततो, त्या घरातली बाई मात्र कारखान्यात नाही, म्हणून तिचे तास कुणी मोजायचे नाहीत काय? सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. कामगाराच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात सेवा करावी, घरात गोडधोड झाले तर त्यालाही वाटा द्यावा, आणि वेळोवेळी सुटी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वी सुटीचा विचार झाला होता. आम्ही त्या सुत्तावर प्रवचन ऐकले आहे. घरी लागू करायचे मात्र राहून गेले.

त्या रविवारी ताई गावी गेली. आईचे सगळे आम्ही केले. आईला वळवताना आमची कंबर धरली, भांडे देताना संकोच वाटला, दुपारची गोळी विसरलो. संध्याकाळी सात वाजता घड्याळाकडे पाहून वाटले, हा दिवस संपतच नाही. ताईचे असे साठ दिवस झाले होते.

सोमवारी साध्या वहीच्या पानावर मराठीत करार लिहिला. पगार, तोही सात तारखेच्या आत. रात्री उठावे लागते, म्हणून पगारात दोन हजारांची वाढ. दुपारचे तीन तास तिचे. दर रविवारी सुटी. आजारपणाची रजा पगारी. पान तिला वाचून दाखवले. यावेळी तिने अंगठा दिला नाही, सही केली. एक प्रत तिच्याकडे. मग जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात नेऊन महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळात नाव नोंदवले. या मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे. प्रसूती, मुलांचे शिक्षण, औषधोपचार, अंत्यविधी अशा मदतीची त्यात तरतूद आहे. पण नोंदणीच नसेल तर मदत कुठून मिळणार? वाचक भगिनींपैकी ज्या घरकाम करतात, त्यांनी हे काम आधी करावे.

पुढच्याच वर्षी आमच्या गल्लीतली एक मुलगी कागद घेऊन आली. वय सव्वीस, नववी शिकलेली, दोन लेकरे, डाळमिलमध्ये रोजाने कामाला. म्हणाली, "काका, कुवेतचे काम आहे. त्यांची बाई गेली म्हणून तातडी आहे. आठ दिवसांत निघायचे." कागद ताईने हातात घेतला आणि ओळखला. तोच फिरायला येण्याचा व्हिसा. घरकामाचा व्हिसा कुवेतमध्ये वीस नंबरचा असतो, हे तिला अनुभवाने माहीत होते.

आम्ही मुलीला समजावले. १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली, दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर आखाती देशांत कामाला जाताना सरकारी परवानगी लागते. अशा पासपोर्टवर परदेशी घरकामाला जाणाऱ्या बाईचे वय ३० च्या वर हवे. २०१६ साली सरकारने आणखी अट घातली की, अशा बायकांची भरती ठरवून दिलेल्या सरकारी संस्थांमार्फतच व्हावी. रीतसर गेलेल्यांना प्रवासी भारतीय विमा योजनेचे दहा लाखांचे अपघात संरक्षण असते. ही सगळी दारे चुकवण्यासाठीच एजंट फिरायला जाण्याचा व्हिसा काढतो. मग त्या बाईची नोंद कुठेच राहत नाही.

मुलगी गेली नाही. एजंटाने फोन उचलणे बंद केले. पण ती आजही भेटली की म्हणते, "काका, तुम्ही माझे महिन्याचे वीस हजार बुडवले." तिच्या डाळमिलच्या रोजात दोन लेकरे कशी वाढवायची, याचे पुरे उत्तर आमच्याजवळ नाही. तिला नुसते "जाऊ नको" म्हणून आमचे कर्तव्य संपत नाही, हेही आम्हाला कळते. तिशी झाल्यावर सरकारी मार्गाने जायचे असेल तर सारे कागद आम्ही करून देऊ, असा शब्द दिला आहे. दहावीचा १७ नंबरचा फॉर्मही भरून घेतला आहे.

बंधू-भगिनींनो, कुवेतच्या त्या घराला घाई होती, आम्हालाही घाई होती. आजारपण सांगून येत नाही, हे खरे. पण घाई मालकाची असते आणि तिचा भार कामाला येणाऱ्या बाईवर पडतो. म्हणून कुणी "आठ दिवसांत चल" म्हटले, तर आधी विचारा. व्हिसा कामाचा आहे का? करार आपल्याला वाचता येतो का? एजंटाची नोंद सरकारच्या ई-मायग्रेट यादीत आहे का? पासपोर्टची आणि कराराची प्रत घरी ठेवली का? आणि आपल्या घरी कुणाला तातडीने ठेवाल, तर पहिल्याच दिवशी पगार, तास आणि सुटी लिहून काढा. त्याला एक पान आणि अर्धा तास पुरतो.

१६ जून २०११ रोजी जिनिव्हात घरकामगारांच्या हक्कांचा १८९ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण त्यावर मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करणारी समिती नेमण्यास केंद्र सरकारला सांगितले. आपण सरकारकडे मागणी करत राहूच. पण घरातल्या रविवारच्या सुटीसाठी कुठल्या सरकारची वाट पाहायची?

आई आता काठी धरून अंगणापर्यंत जाते. ताईची मुलगी दहावी झाली. रविवारी सकाळी ताई एरंडोलची गाडी धरते आणि आई आम्हाला हाक मारते, "ऊठ रे, आज तुना नंबर शे."

जयभीम.