गरजेपूर्वीची तजवीज

वाईहून पाचगणी-महाबळेश्वरमार्गे पोलादपूरला उतरणारा रस्ता अंतराने सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरांचा, म्हणजे सपाटीवर सरावलेल्या सायकलस्वाराने दुपारच्या जेवणाआधी आटोपावा एवढाच. परंतु पर्जन्यमानाच्या हिशेबाने पाहिले तर या एकाच मजलीत तीन निराळे मुलूख ओलांडावे लागतात. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या कड्यांना अडून वर चढतात, थंडावतात आणि महाबळेश्वरच्या पठारावर वर्षाकाठी ५,५०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस टाकून बरेचसे रिते होतात. तेथून पूर्वेला वीसेक किलोमीटरांवर असलेल्या पाचगणीच्या वाट्याला त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा येतो, आणि पसरणी घाटाच्या पायथ्याच्या वाईला त्याहूनही पुष्कळ कमी. भाद्रपदाच्या अखेरीस, पावसाचा अंमल सैल होऊ लागला असताना, पुण्याहून गोव्याकडे एकटाच निघालो होतो, त्या प्रवासातला या रस्त्यावरचा दिवस मला आजही आमच्या लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासाच्या विद्येचा संपूर्ण पाठ वाटतो.

ही विद्या नियमबद्ध केली ती फ्रान्समधील पॉल द विवी (१८५३–१९३०) या गृहस्थाने. 'वेलोसिओ' या टोपणनावाने तो लिहीत असे, आणि सायकलीला गिअर असावेत यासाठी त्याने आयुष्यभर खटपट केली. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, थंडी वाजण्याआधी अंगावर वस्त्र चढवावे आणि उकडण्याआधी ते उतरवावे, असे त्याच्या नावे चालत आलेले नियम आहेत. वाचताना ते आजीच्या उपदेशाइतके साधे वाटतात. एकट्याने लांबचा पल्ला मारू लागल्यावरच त्यांतील 'आधी' या शब्दाचे वजन कळते. कारण थंडी आणि उपासमार यांचा पहिला घाला पायांवर पडत नाही, विवेकावर पडतो, आणि आपल्याला काही होत नाही, असा निर्वाळा देणारे मन त्याच वेळी साक्षीदार म्हणून सर्वांत कमी भरवशाचे झालेले असते. सोबती असेल तर तो चेहऱ्याकडे पाहून हटकतो. एकट्याला हटकणारे कोणी नसते, म्हणून त्याने शाबूत डोक्याने आधीच ठरवून ठेवलेला हुकूम नंतर निमूटपणे पाळावा लागतो.

पसरणीचा घाट चढताना ऊन लख्ख होते. सुमारे ६०० मीटरांचा तो चढ हलक्या गिअरवर, श्वास आणि पेडल यांची लय बिघडू न देता चढावा लागतो. मागे वळून पाहिले की कृष्णेचे खोरे आणि धोमचे पाणी वळणागणिक खाली खाली जाताना दिसते. घामाने सदरा पाठीला चिकटला होता, आणि पुढे जे घडायचे त्याचे बीज नेमके त्या ओल्या सदऱ्यात होते. पाचगणी ओलांडून मेटगुताडच्या दिशेने लागलो तेव्हा दोन्ही बाजूंना स्ट्रॉबेरीच्या नव्या लागवडीसाठी तयार होत असलेले वाफे होते, उतारांवर सोनकी पिवळीधमक फुलली होती, आणि तिच्याकडे पाहत असतानाच पश्चिमेची झाडे एकामागून एक धुक्यात लुप्त होऊ लागली. पाऊस अद्याप आलेला नव्हता, थंडीही वाजत नव्हती. तरी थांबलो, ओला सदरा बदलून कोरडा घातला, वर पावसाळी कोट चढवला आणि गूळ-शेंगदाण्यांची मूठ तोंडात टाकली. वेण्णा तलाव येईतो पाऊस आडवा झोडपत होता. परंतु कोटाच्या आत मी उबदार होतो.

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने उतरणे हे चढण्यापेक्षा कठीण काम आहे. उतारावर शरीर श्रम करीत नाही म्हणून ऊब निर्माण होत नाही, आणि वेगाचा वारा असलेली ऊब हिरावून नेतो. म्हणून निघण्यापूर्वी छातीवर, सदऱ्याच्या आत, वर्तमानपत्राची घडी सरकवली. माझ्या सायकलीचे ब्रेक चाकाच्या रिमवर दाबणारे आहेत. भिजलेल्या रिमवर ब्रेक लावला की पहिले काही फेरे त्याचे रबर केवळ पाणी पुसत राहते. हातात दाब जाणवतो, चाकाला मात्र त्याची दादच नसते, आणि मग एकाएकी रबर पकड घेते. तेव्हा वळण दिसण्याआधीच हलक्या दाबाने रिम निपटून ठेवावी, वेग सरळ रस्त्यावरच उतरवावा, पुढचा आणि मागचा ब्रेक आलटून पालटून वापरावा, आणि वळणात शिरल्यावर रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांना चाक लागू देऊ नये.

प्रतापगडाच्या पायथ्याशी, वाडा या गावाजवळच्या एका टपरीवर चहासाठी थांबलो. पाऊस उघडला होता, आणि निघावे म्हणून उठलो, तो टपरीवरच्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "दादा, बसा अजून. गड झाकत चाललाय. गड झाकला की पाऊस आलाच म्हणा." प्रतापगडाची तटबंदी पाहता पाहता राखाडी पडद्याआड गेली आणि थोड्याच वेळात टपरीचा पत्रा असा वाजू लागला की बोललेले ऐकू येईना. विवीच्या नियमाचा हा घाटावरचा पाठभेद मी मनोमन नोंदवून ठेवला. पुन्हा गड दिसू लागल्यावर निघालो; सातारा जिल्ह्याची हद्द मागे पडली, हवा कोमट आणि जड झाली, कोट उतरवला, आणि सावित्रीकाठच्या पोलादपुरात दिवस असतानाच मुक्कामाला पोहोचलो.

ज्यांना हा मार्ग एकट्याने करायचा असेल त्यांनी आषाढ-श्रावणात तो करू नये. दरडी कोसळून आंबेनळी घाट त्या दिवसांत वेळोवेळी बंद पडतो. भाद्रपद उलटताना अवश्य जावे. सामानाच्या जाबत्यात कोरडा सदरा, लोकरीचे हातमोजे, गूळ-शेंगदाणे आणि ब्रेकच्या रबरांची जादा जोडी असावी, आणि थांबून कोट चढवण्यात जाणारी पाच मिनिटे वाया गेली असे कधीही मानू नये. पाय सरावाने तयार होतात. वेळेआधी थांबण्याची सवय मात्र पहिल्या दिवसापासून, ऊन असतानाच लावून घ्यावी लागते.