पुरवणी जबाब

नाशिक, रविवार रात्र

ती. ताईस,


फोनवर दाजी शेजारी बसले होते, म्हणून बोलायचं ते राहून गेलं. पोस्टानं पोचायला चार दिवस जातील, तेव्हा हे कागद शेजारच्या पोराकडून फोटो काढून तुझ्या मोबाईलवर पाठवतोय. दाजी आंघोळीला गेले की वाच आणि मग त्यांना दाखव.

पोलिसांवर चिडलीस, ते समजतं. आठ दिवस "तपास चालू आहे" एवढंच ऐकायचं म्हणजे जीव जातो. पण हरवलेला आपला पोरगा 23 वर्षांचा. अठराच्या आतलं मूल हरवलं की अपहरणाचा गुन्हा धरूनच सुरुवात करावी लागते, सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये तसं बजावलंय. सज्ञान माणसाची नुसती 'मिसिंग' दाखल होते. मी पोलिसात असताना त्या मिसिंगच्या टेबलावर चार वर्षं काढली. समोर मिसिंगच्या फायलींचा गठ्ठा, आणि मधेच गणपतीचा नाहीतर सभेचा बंदोबस्त. ज्या फायलीत धरायला धागा असतो, ती आधी हलते. (आणि ते 24 तास थांबायचं तुम्हाला कोणी सांगितलं? असा नियम नाही. दोन दिवस त्यात गेले.)

दातांची ठेवण, जुन्या जखमा विचारल्या तेव्हा तू कोलमडलीस म्हणालीस. तुझ्यापासून काय लपवू, अकस्मात मृत्यूच्या नोंदींशी वर्णन ताडून बघावंच लागतं. पण हॉस्पिटलात बेशुद्ध आणलेल्या, नाव-गाव न सांगणाऱ्या माणसांशीही तेच वर्णन जुळवतात. हनुवटीखालची टाक्यांची खूण सांगितलीस ना? आपल्या परड्यातल्या चिंचेवरून पडला होता ती.

त्याचा मोबाईल पुण्यात स्वारगेटला बंद झाला, इथवर पोलीस आलेत. त्यानं सिम फेकून दुसरं घातलं असेल, तरी हँडसेटचा आयएमईआय नंबर बदलत नाही. तो मोबाईलच्या खोक्यावर छापलेला असतो. खोकं तुमच्याकडेच असणार, माळ्यावर बघ. त्याच्या नि दाजींच्या जॉइंट खात्याचं पासबुकही भरून घ्या. शंभर रुपये कुठे काढले, एवढं कळलं तरी गाव कळतं.

अंधेरीच्या डी. एन. नगर ठाण्यातले राजेंद्र भोसले तुला ठाऊक नसतील. 2008 ते 2015 या काळात हरवलेल्या 166 मुलींच्या केसेस त्यांच्याकडे आल्या, 165 सापडल्या. राहिलेली एक 2013 च्या जानेवारीत शाळेत जाताना गेलेली, सात वर्षांची. 2015 मध्ये भोसले निवृत्त झाले, पण तिचा फोटो खिशात घेऊन फिरत राहिले. 2022 च्या ऑगस्टमध्ये ती सापडली, स्वतःच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तिच्याबरोबर कामाला असलेल्या बाईनं इंटरनेटवर जुनं पोस्टर शोधून काढलं. त्यावर पाच फोन नंबर होते. चार बंद पडले होते, पाचवा एका शेजाऱ्याचा, तो लागला. म्हणून सांगतो, पोस्टरवर टाकलेला तुझा नंबर जन्मात बदलू नकोस. त्याच नंबरवर "पोरगा सापडलाय, गाडीभाड्याला पाच हजार टाका" असेही फोन येतील. पैसे न टाकता तो नंबर हवालदाराला द्यायचा. आणि देवऋष्यानं 'पूर्वेला' सांगितलं म्हणून दाजी सोलापूरला निघालेत म्हणे. तुमच्या कराडच्या पूर्वेला पार विशाखापट्टणमपर्यंत मुलूख आहे!

आता मुद्द्याचं. दाजींनी जबाबात "घरात कसलाही वाद नव्हता" असं लिहून दिलंय. काल तूच हुंदक्यात बोलून गेलीस, की एमपीएससीचा तिसरा निकाल लागला त्या रात्री दाजी फोनवर त्याला म्हणाले, "आता पैसे नाहीत आणि तोंडही दाखवू नकोस." ताई, हे जबाबात नाही. त्यामुळे पोलीस अपघात, मारहाण, देणेकरी असल्या दिशांनी शोधत बसलेत. रुसून गेलेला पोरगा वेगळीकडे असतो. माझ्या वेळची अशी कितीतरी पोरं शिर्डी, शेगाव, पंढरपूरकडे मिळाली, जिथे दोन वेळचं जेवण मिळतं आणि कोणी काही विचारत नाही. नाहीतर हायवेच्या ढाब्यावर भांडी घासताना. पुण्याच्या अभ्यासिकेतल्या त्याच्या मित्रांनाही काही ठाऊक असेल. पण घरात वादच नव्हता म्हटल्यावर त्यांना खोदून कोण विचारणार?

दाजींना भीती आहे की केस आपल्यावरच उलटेल. बाप रागावला म्हणून कोणी बेड्या घालत नाही. खरं तर त्यांना पोलिसांची नाही, भावकीची भीती आहे, हे त्यांना माझं नाव घेऊन सांग.

आणि तो सापडला तरी सज्ञान आहे. "घरी जायचं नाही" असा जबाब त्यानं दिला, तर त्याला कोणी ओढून आणणार नाही. तेव्हा सुखरूप आहे एवढं ऐकून तुला परतावं लागेल.

सोमवारी सोलापूर नको. सहाच्या एसटीनं दोघंही पुण्याला ठाण्यावर जा आणि "पुरवणी जबाब द्यायचाय" एवढंच म्हणा. दाजींनी ते वाक्य जसं उच्चारलं तसं लिहून द्यावं, सही करण्याआधी वाचून घ्यावं. मोबाईलचं खोकं विसरू नका.

तुझा,
भाऊ