सेवाग्राम : पायलीभर ज्वारी आणि दवाखान्याचे दार

वाचकहो, दिवाळी आटोपली, कापसाचा पहिला वेचा घरात आला, की दोन-चार दिवस कुठे तरी जाऊन यावे असे घरातल्या सगळ्यांनाच वाटते. पंढरपूर, माहूर, शेगाव ही आपली नेहमीची ठिकाणे. या खेपेला वर्ध्याकडे जाणे होणार असेल तर एक दिवस सेवाग्रामसाठी राखून ठेवा. बापूंची कुटी पाहायला तेथे देशभरातून माणसे येतात. ती तुम्ही पाहालच. पण जवळच जो मोठा दवाखाना आहे त्याची हकीगतही समजून घ्या. शेतकऱ्याच्या घराला दुष्काळ जितका बुडवतो तितकेच दुखणे बुडवते. त्यावर उपाय काय, याचा विचार या गावाच्या परिसरात फार पूर्वी झाला. त्यातला काही भाग तुमच्या आमच्या गावात आजही उपयोगी पडेल असा आहे.

जायचे कसे ते आधी सांगतो. मुंबई-नागपूर लोहमार्गावर वर्धा स्टेशन आहे. दिल्लीहून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी सेवाग्राम नावाचेच स्टेशन आहे. पूर्वी त्याला वर्धा पूर्व म्हणत. नागपूरहून मोटारीने आलात तर अंतर सुमारे ७५ किलोमीटर. वर्धा शहरातून सेवाग्राम आठेक किलोमीटर, बस आणि ऑटो दोन्ही मिळतात. दुतर्फा काळी जमीन, कपाशी, तूर, सोयाबीन, आणि थंडी पडू लागली की हरभरा. आपल्यासारख्यांचेच वावर, आपल्यासारखीच माणसे. त्यामुळे परक्या मुलखात आल्यासारखे वाटत नाही.

या गावाचे मूळ नाव शेगाव. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी येथे आले. त्यांची पत्रे वऱ्हाडातल्या गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागली, तेव्हा घोटाळा टाळण्यासाठी १९४० मध्ये नाव बदलून सेवाग्राम केले. आश्रमात आदि निवास, बा कुटी, बापू कुटी, आखरी निवास अशी मातीच्या भिंतींची, कौलारू घरे आहेत. सारवलेली जमीन, बांबूच्या ताट्या, मोजके सामान. मुलांना बरोबर नेले असेल तर त्यांना साप धरण्याचा चिमटा आणि पेटी अवश्य दाखवा. साप धरून दूर सोडून द्यायचे, असा येथला शिरस्ता होता.

आता एका गोष्टीकडे लक्ष द्या. गांधीजी आले तेव्हा हे गाव काही आरोग्यधाम नव्हते. पावसाळ्यात चिखल, डबकी, डास आणि हिवताप. त्याच वर्षी खुद्द गांधीजींना हिवतापाने गाठले आणि वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात ठेवावे लागले. पाणी स्वच्छ हवे, मैला उघड्यावर नको, सांडपाणी तुंबता कामा नये, ही कामे आश्रमाच्या दिनक्रमात होती ती यासाठी. औषधाची बाटली त्यानंतरची.

आश्रमातच परचुरे कुटी नावाची एक लहानशी झोपडी आहे. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे विद्वान. त्यांना महारोग झाला होता. त्या काळी असा रोगी गावाच्या शिवेबाहेर घालवीत. गांधीजींनी त्यांना आश्रमात जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालीश केले. रोग लपवला की वाढतो, आणि माणसाला हाकलले की तो रोग लपवतो. हे या झोपडीपुढे उभे राहिले की भाषणाशिवाय समजते.

आता दवाखान्याकडे वळू. कस्तुरबा १९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याला आगाखान महालात कैदेतच वारल्या. त्यांच्या नावाने डॉ. सुशीला नायर यांनी १९४५ मध्ये येथे बायका आणि मुलांसाठी १५ खाटांचा दवाखाना उघडला. सुशीलाबेन गांधीजींच्या डॉक्टर. पुढे १९६२ ते १९६७ या काळात त्या केंद्राच्या आरोग्यमंत्री होत्या. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, त्यांनी याच खेड्यात वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. खेड्यासाठी म्हणून निघालेले देशातले हे पहिले. नवी मुले-मुली डॉक्टरकी शिकायला आली की त्यांना आधी पंधरा दिवस आश्रमात ठेवतात. प्रार्थना, सफाई, श्रमदान. नंतर प्रत्येक तुकडीला एक गाव नेमून देतात आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही घरे सोपवतात. म्हणजे पुस्तकातला रोगी पाहण्याआधी त्यांनी चुलीपुढची माणसे पाहावीत, अशी योजना.

एवढे सारे असूनही एक प्रश्न शिल्लक होताच. दवाखाना जवळ असला म्हणून गरिबाला तो परवडतो असे नाही. शेतकऱ्याच्या हाती पैसा वर्षातून एकदा, पीक निघाल्यावर येतो. दुखणे मात्र श्रावणात येते, जेव्हा घरात धान्य संपलेले आणि सावकाराचे दार तेवढे उघडे असते. मग बैल विकायचा, बायकोची पोत गहाण टाकायची, नाही तर दुखणे अंगावर काढायचे. तिसरा मार्ग पुष्कळदा घरातली बाईच पत्करते, हे आपल्याला ठाऊक आहे.

या प्रश्नावर येथले डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या आगेमागे गावकऱ्यांबरोबर बसून एक तोड काढली. ती म्हणजे ज्वारीचा आरोग्य विमा. सुगीच्या दिवसांत खळ्यावर रास उभी राहिली की प्रत्येक घराने ठरलेल्या पायल्या ज्वारी गावाच्या आरोग्य-कोठारात घालायची. ज्याची जमीन जास्त त्याने जास्त द्यायची, भूमिहीन मजुराने थोडकी. ती ज्वारी विकून जो पैसा येई त्यातून गावच्या आरोग्य सेवकाचा आणि औषधांचा खर्च भागे. डॉक्टर आणि नर्सबाई ठरल्या वेळी गावात येत. आणि या घरांतले कुणी अचानक आजारी पडले, तर त्याला कस्तुरबा दवाखान्यात पैशाशिवाय दाखल करून घेत.

वाचकहो, यात नवे काय, असे तुम्ही विचाराल. आपल्या आजोबांना विचारा. सुताराला, लोहाराला, चांभाराला बलुते याच रीतीने मिळत असे. औत मोडले त्या दिवशी पैसे मोजायचे नाहीत. खळ्यावर वर्षाचा वाटा द्यायचा आणि वर्षभर काम हक्काने करून घ्यायचे. बलुत्यातला जातीचा जाच नको, तो गेला हेच बरे झाले. पण पीक आले तेव्हा द्यायचे आणि गरज पडली तेव्हा घ्यायचे, ही त्यातली शेतकऱ्याला सोयीची रीत या योजनेने उचलली.

तिचे दोन नियम नीट समजून घेण्यासारखे आहेत. पहिला असा, की गावातल्या चार घरांपैकी निदान तीन घरे सामील झाली तरच गावाला योजनेत घ्यायचे. कारण उघड आहे. ज्याच्या घरी दुखणे आहे तेवढ्यानेच ज्वारी घातली, तर कोठार महिन्यात रिकामे होईल. धडधाकट घरांनी घातले तरच आजारी घराला पुरते. यंदा तुम्ही धडधाकट, पुढच्या वर्षी कोण ते कुणाला ठाऊक? दुसरा नियम असा, की अकस्मात येणारे दुखणे आणि आधीच माहीत असलेले दुखणे यांत फरक करायचा. सापाने डसले, ताप डोक्यात गेला, तर खर्च कोठाराचा. मोतीबिंदू, अंतर्गळ अशी जी शस्त्रक्रिया आधी ठरवून करता येते, तिच्यासाठी सवलत मिळे, पण घरानेही काही वाटा उचलायचा. त्यासाठी माणूस चार महिने आधी तयारी करू शकतो.

आणि यातूनच रोग टाळण्याची गोडी लागते. कोठार सगळ्यांचे असेल तर शेजारच्या पोराला लस टोचली आहे की नाही, हा माझाही प्रश्न होतो. विहिरीत औषध टाकले, तर जुलाबाचे रोगी कमी आणि ज्वारी शिल्लक.

आता काळ बदलला. विदर्भात ज्वारीचा पेरा घटला, तिच्या जागी सोयाबीन आले, आणि खळेही पूर्वीसारखे राहिले नाही. आज विम्याचे मोठे काम सरकारी योजना करतात. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. तिचेच नाव २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ मध्ये आली. २०२३ मध्ये राज्य शासनाने फुले योजना सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना लागू करण्याचा आणि वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय घेतला, आणि तो १ जुलै २०२४ पासून अमलात आला. ७० वर्षांवरील सर्वांना, मिळकत कितीही असो, आयुष्मानचे संरक्षण देण्याची सुरुवात २०२४ च्या ऑक्टोबरात झाली. म्हाताऱ्या माणसांच्या घराला हा मोठाच आधार आहे.

पण कार्ड पेटीत ठेवले म्हणजे सारे झाले, असे मानू नका. हे कार्ड दवाखान्यात दाखल झाल्यावर, ठरलेल्या यादीतल्या उपचारांसाठी, आणि योजनेत सामील असलेल्या रुग्णालयांतच चालते. खाजगी डॉक्टरची रोजची फी, दुकानातून आणलेल्या गोळ्या, जाण्यायेण्याचे भाडे, बुडालेली मजुरी यांतले फारसे काही त्यात बसत नाही. आणि घर कितीदा तरी याच लहान लहान भोकांतून गळते.

एक साधे उदाहरण घ्या. पन्नाशीच्या शेतकऱ्याचा रक्तदाब पाच वर्षे वाढलेला आहे. त्याला पत्ता नाही, कारण काहीच दुखत नाही. एके दिवशी बांधावर उभा असताना अर्धे अंग लुळे पडते. कार्ड असेल तर दवाखान्याचा खर्च टळेल, जमीन वाचेल. हे थोडे नाही. पण औत धरणारा हात ते कार्ड परत देत नाही. तो हात वाचवणारी गोळी उपकेंद्रात फुकट मिळत होती. विमा दुखण्याचे बिल भरतो. दुखणे अडवायचे ते आधी, आणि तेही घराजवळच.

ते कुठे अडवायचे? सपाटीवर सुमारे ५००० वस्तीमागे एक उपकेंद्र आणि ३०००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा शासनाचा दंडक आहे. डोंगरी आणि आदिवासी भागात ही संख्या ३००० आणि २०००० धरतात. बहुतेक गावांत आशाताई आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार विनामूल्य केले आहेत. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासणे, तोंडाचा, बायकांच्या स्तनांचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग लवकर ओळखणे, ही कामे या केंद्रांकडे सोपवलेली आहेत. खर्रा खाणाऱ्याच्या तोंडात पांढरा चट्टा दिसला, तोंड पुरते उघडेनासे झाले, तर त्याने त्याच आठवड्यात जाऊन दाखवावे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी. गरोदर सुनेच्या निदान चार तपासण्या चुकवू नयेत. बाळाला नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस द्यावी आणि दीड वर्षाच्या सुमारास दुसरी, विसरू नये.

आणि फवारणीचे विसरू नका. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजूर दगावले. वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून फवारू नका, अंग झाका, काम झाल्यावर अंघोळ केल्याशिवाय भाकरीला हात लावू नका. डोळे चुरचुरू लागले, मळमळ सुटली, तर पंप तेथेच ठेवा आणि १०८ ला फोन करा.

सेवाग्रामहून परत आलात की दोन कामे करा. पहिले घरचे. रेशनकार्डावरचे आणि आधारवरचे प्रत्येकाचे नाव सारखे आहे का, नवी सून आणि नवे बाळ त्यात चढले आहे का, ते पाहा. चूक निघाली तर कुणी आजारी पडण्याआधी दुरुस्त करून घ्या. मध्यरात्री दवाखान्याच्या दारात ती दुरुस्त होत नाही. योजनेतले तालुक्याजवळचे रुग्णालय कोणते, ते आताच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. दाखल होताना तेथल्या आरोग्यमित्राला आधी भेटायचे, हे घरातल्या शिकलेल्या पोरापोरींना सांगून ठेवा.

दुसरे काम गावाचे. गावची आरोग्य, पोषण आणि स्वच्छता समिती शेवटची कधी बसली, ते ग्रामसभेत विचारा. उपकेंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या असतील तर एकट्याने कुरकुर करू नका. दहा घरांनी मिळून जाऊन सांगा. त्या परिसरातल्या माणसांनी आपल्या आरोग्यासाठी ज्वारी एकट्यादुकट्याने घातली नव्हती, गावाने घातली होती.

यंदाचे पीक घरात आले, की देवाचा, सोसायटीचा आणि बियाण्याचा वाटा तुम्ही बाजूला काढालच. त्याच दिवशी आणखी एक दिवस बाजूला काढा. घरातल्या तिशीवरच्या सगळ्यांना, आणि विशेषतः "मला काय धाड भरली आहे" असे म्हणणाऱ्या घरच्या लक्ष्मीला, उपकेंद्रात नेऊन तपासून आणा. त्याला ना पायलीभर ज्वारी लागत, ना पैसा.