सीसी नंतर, आधी सेंटीमीटर

स्तन मोठे करून घ्यायला येणारी बाई आकडा घरूनच ठरवून येते. ‘डॉक्टर, मला ३२५.’ पुण्यात हेच ऐकलं, बहारीनमधल्या रिफा गावातही हेच ऐकते. इथे तो आकडा दुबईहून, मनिलाहून, पुलापलीकडच्या सौदीतल्या खोबरहून किंवा थेट फोनमधून आलेला असतो, एवढाच फरक. मैत्रिणीने ३२५ सीसी घातलं, तिला शोभलं, मग मलाही तेच हवं. मैत्रिणीची उंची विचारली की साडेपाच फुटांच्या पुढे निघते. समोर बसलेली बाई पाच फुटांना दोन बोटं कमी, वजन पंचेचाळीसच्या आसपास, मनगट माझ्या अंगठा आणि मधल्या बोटात सहज मावेल असं.

तो आकडा मी तिच्यासमोरच कागदावर लिहून घेते. लिहिला नाही तर तिला वाटतं, बाईंनी ऐकलंच नाही. आणि मग कॅलिपर काढते.

इथले दवाखाने संध्याकाळी खरे भरतात. उन्हाळ्यात दुपारी रिफाच्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं. इशाची नमाज झाली की गाड्या लागायला लागतात. गुरुवारी संध्याकाळी सौदीहून पूल ओलांडून आलेल्या बायका जास्त, कारण शुक्रवार-शनिवार सुट्टी. अबायातली बहारीनी बाई, सलूनमध्ये काम करणारी फिलिपिनो मुलगी, दोन बाळंतपणांनंतर ‘काही उरलंच नाही हो’ म्हणणारी आपली मराठी बाई, अशा सगळ्या एकाच बाकावर बसलेल्या असतात. शेवटच्या दोघींत चण लहान असणाऱ्या बऱ्याच. ज्यांच्याशी मला सगळ्यात जास्त वेळ बोलावं लागतं, त्या ह्याच.

कारण लहान चणीच्या बाईला निवडीला वाव फार कमी असतो, आणि हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

मोजणी उभ्याने करायची, हात सैल सोडून. गळ्याखालच्या खळग्यापासून स्तनाग्रापर्यंतचं अंतर टेपने घ्यायचं, दोन्ही बाजूंचं वेगवेगळं. ते बहुतेकींचं सारखं नसतं, आणि हे बाईला शस्त्रक्रियेआधी आरशात दाखवून द्यावं. नंतर दिसलं तर ते माझ्या नावावर जमा होतं. पुढचं माप पायाच्या रुंदीचं, म्हणजे स्तन छातीवर जेवढा पसरलेला आहे तेवढ्याचं. ते टेपने घ्यायचं नाही. टेप वळणावरून जाते आणि जास्त भरते. कॅलिपर सरळ जातो. पाच फुटांच्या आतल्या सडपातळ बाईत हे माप साडेदहा-अकरा सेंटीमीटर येतं. मग वरच्या भागाची चिमूट. अंगठा आणि तर्जनी यांत त्वचा आणि खालचा मऊ भाग धरायचा, स्नायू सोडून द्यायचा आणि जाडी बघायची. दोन सेंटीमीटरपेक्षा कमी भरली तर इम्प्लांटचा वरचा भाग स्नायूखालीच गेला पाहिजे, नाहीतर त्याची कड कपड्यातूनही कळते. त्यानंतर स्तनाग्राभोवतालच्या काळ्या वर्तुळाची कड धरून त्वचा पुढे ओढायची आणि किती येते ते बघायचं. शेवटी त्वचा ताणून स्तनाग्र ते खालची घडी.

एवढी पाच मापं. डॅलसचे जॉन टेबेट्स आणि विल्यम अ‍ॅडम्स यांनी २००५ मध्ये अशाच पाच मापांची शिस्तशीर मांडणी केली. त्यात सुरुवातीचा आकडा रुंदीवरून येतो आणि मग त्वचा त्याला वर-खाली करते: ओढून दोन सेंटीमीटरही येत नसेल तर ३० सीसी कमी करा, तीनच्या वर येत असेल तर ३० वाढवा. त्याआधी बरेच जण अंदाजाने ठरवत, आणि अजूनही ठरवतात. अनुभवी डोळ्याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो हे मी मान्य करते. पण बाईला तो अंदाज दाखवता येत नाही. सेंटीमीटर दाखवता येतो.

आधी मोजायचं आणि मग कापायचं, ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. १७९३ मध्ये पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक नव्याने बसवलं गेलं. इंग्रजांच्या फौजेसाठी बैल हाकताना तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला होता आणि त्यांनी त्याचं नाक कापलं होतं. नाक करणारा विटा करणाऱ्यांच्या जातीतला एक माणूस; त्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. त्याने आधी मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक कावसजीच्या चेहऱ्यावर बसवून पाहिलं, मग ते सपाट करून कपाळावर ठेवलं, त्याभोवती रेघ ओढली आणि तेवढीच कातडी उचलली. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत छापली आणि युरोपातले शल्यविशारद त्यावरून शिकले. माझ्या डोळ्यांसमोर त्यातलं मेण राहतं. त्या कारागिराने नाक कावसजीच्या तोंडावरून घेतलं. दुसऱ्या कोणाचं सुंदर नाक बघून आणलं नाही.

आता प्रोफाइल, म्हणजे रुंदीच्या मानाने इम्प्लांट किती पुढे येतं ते. इम्प्लांटच्या पेटीवर सीसी मोठ्या अक्षरात असतो, पण माझी नजर आधी रुंदी आणि पुढे येण्याची उंची यांवर जाते. एकच आमटी पसरट ताटलीत ओतली तर कडेपर्यंत पसरते आणि वाटीत ओतली तर उंच दिसते, तसं २५० सीसीचं मॉडरेट इम्प्लांट हाय प्रोफाइलपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरने रुंद असतं. उंच, रुंद छातीच्या बाईला ताटली चालते. लहान चणीच्या बाईच्या छातीवर ती काखेत जाते. म्हणून हाय प्रोफाइल आलं, आणि लहान चणीला तेच, असा एक सोपा नियम सगळीकडे पसरला.

तो नियम मला पटत नाही. हाय प्रोफाइलने अरुंद छातीवर जास्त सीसी बसतात, हे खरं. पण ते सीसी पुढे जातात, आणि पुढे जाण्यासाठी त्यांना त्वचा लागते. सडपातळ बाईची त्वचा पातळ, खालचं मांस कमी. आतून सतत दाब राहिला की ते मांस आणखी पातळ होतं. मोठ्या आणि फार उंच इम्प्लांटखाली बरगड्यांवरसुद्धा खळगा पडलेला दिसतो. वरून वाटी पालथी घातल्यासारखा गोल कडा दिसायला लागतो. काही बायकांना तोच हवा असतो, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण ‘नैसर्गिक दिसलं पाहिजे’ आणि ‘३२५ पाहिजे’ ही दोन वाक्यं एकाच तोंडून आली की त्यातलं एक सोडावं लागेल, हे मी स्पष्ट सांगते. साडेदहा सेंटीमीटरच्या पायावर माझी पसंती बहुधा या दोन्हींच्या मधल्या, मॉडरेट प्लसला असते.

यावर काही जणी अश्रूच्या थेंबाच्या आकाराचं इम्प्लांट मागतात, वर निमुळतं आणि खाली भरलेलं. एके काळी सडपातळ बाईला तेच सुचवलं जायचं. पण ते आत फिरू नये म्हणून त्याचा पृष्ठभाग खरखरीत ठेवावा लागतो. काही खरखरीत इम्प्लांटभोवतीच्या आवरणात लिम्फोमाचा एक विरळ प्रकार आढळला आणि जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलरगन कंपनीने तशी इम्प्लांट जगभरातून मागे घेतली. तेव्हापासून बराचसा भार गुळगुळीत, गोल इम्प्लांटवर आला. गोल म्हटलं की वरची कड आलीच. म्हणून प्रोफाइल निवडणं आज आधीपेक्षा नाजूक झालं आहे. दुसरी मागणी असते, ‘मग माझीच चरबी भरा ना.’ भरली असती. पण पंचेचाळीस किलोच्या बाईच्या अंगावरून ती काढू कुठून?

गेल्या काही काळातली एक मराठी बाई आठवते. माहेर साताऱ्याकडचं, नवरा अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात, दोन मुलं अंगावर पाजलेली, धाकट्याचं दूध तुटून वर्ष झालेलं. (तुटून निदान सहा महिने झाल्याशिवाय मी मोजतही नाही; माप स्थिरच झालेलं नसतं.) तिच्या भावजयीने दुबईत ३२५ घातलेलं. हिच्या पायाची रुंदी १०.८, वरची चिमूट दीड सेंटीमीटर, त्वचा ओढून जेमतेम दोन. मी म्हटलं, ‘तुमची छाती दोनशेच्या आसपास सांगते आहे.’ ती म्हणाली, ‘मॅडम, एवढ्यासाठी एवढा खर्च?’

प्रश्न रास्त होता. त्यावर मी लेक्चर देत नाही, तांदूळ मोजायला लावते. पायात घालायचे पातळ नायलॉनचे मोजे घ्यायचे. स्वयंपाकघरातला मापाचा कप २४० मिलिलिटरचा. कोरडा तांदूळ हव्या त्या मापाने भरून वर गाठ मारायची, जरा सैल ब्रामध्ये दोन्ही बाजूंना ठेवायचा आणि आठवडाभर घरात वावरायचं. हा प्रयोग काही मी शोधलेला नाही, जगभर चालतो, आणि त्यात खोट आहे हेही मी सांगते. तांदळाचा कप दोनशे ग्रॅमच्या आत भरतो. तेवढ्याच आकारमानाचं सिलिकॉन सव्वादोनशे ग्रॅमच्या वर जातं. शिवाय स्नायूखाली गेलेलं इम्प्लांट ब्रामधल्या मोज्यापेक्षा थोडं कमीच दिसतं. तरी आरशासमोरच्या पाच मिनिटांपेक्षा स्वयंपाकघरातला आठवडा जास्त सांगून जातो.

ती आठवड्याने आली ती हसतच. ३२५ च्या मोज्यांनी पोळ्या लाटताना दंड दोन्ही बाजूंनी घासत होते. पालथं झोपणं बंद. ब्लाउजचं शेवटचं बटण लागेना, आणि ते लागावं म्हणून ब्लाउज सैल शिवला तर खांदे उतरणार, कारण खांदे होते तेवढेच. ‘दोनशेचा काढावासा वाटला नाही,’ ती म्हणाली, आणि लगेच, ‘पण अडीचशे चालेल का हो?’

इथे खरी घासाघीस सुरू होते. तिच्या रुंदीत माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या: मॉडरेट प्लसचं दोनशेच्या आसपासचं, किंवा तेवढ्याच रुंदीचं हाय प्रोफाइल, चाळीसेक सीसींनी जास्त. कंपनीनुसार आकडे थोडे सरकतात, पण दार एवढंच उघडं असतं. चाळीस सीसी म्हणजे चहाच्या चमच्यांनी मोजलं तर आठ चमचे. कपड्यातून ते नवऱ्यालाही कळणार नाहीत. तिच्या पातळ त्वचेला मात्र ते रात्रंदिवस जाणवणार. तिने मॉडरेट प्लस घेतलं. जाताना विचारलं, ‘वहिनीला काय सांगू?’ म्हटलं, ‘सांगा ३२५. मोजायला कोण येतंय!’

ऑपरेशन टेबलावर फार काही नवं ठरवायचं उरत नाही, उरूही नये. मध्यरेषा आणि घड्या मी बाई शुद्धीत, उभी असतानाच पेनने आखते. झोपल्यावर स्तन काखेकडे सरकतो आणि आखणी खोटी ठरते. चीर घडीत देते. आत कप्पा करताना उरोस्थीला चिकटलेले स्नायूचे तंतू मी तोडत नाही, कितीही मोह झाला तरी. लहान छातीवर क्लीव्हेज जवळ यावं म्हणून ते तोडले की दोन्ही इम्प्लांट मध्ये सरकून एकमेकांना भेटतात, आणि ते पुन्हा वेगळं करणं हे या कामातलं सगळ्यात कटकटीचं काम आहे. मधलं अंतर हाडाने ठरवलेलं असतं. मग साइझर, म्हणजे मापापुरतं तात्पुरतं इम्प्लांट, आत ठेवून टेबल उचलून बाईला बसतं करायचं, पायाशी जाऊन उभं राहून बघायचं. नंतर सहा आठवडे आधाराची ब्रा. बहारीनच्या ऑगस्टमध्ये ती घालणं म्हणजे शिक्षा आहे. जमत असेल तर नोव्हेंबरात या, असं मी सुचवते.

या इम्प्लांटचा इतिहास फार लांबचा नाही. १९६२ मध्ये ह्यूस्टनला थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो यांनी टिमी जीन लिंडसे या बाईला पहिली सिलिकॉन इम्प्लांट बसवली. १९९२ मध्ये अमेरिकेने सिलिकॉन जेलवर निर्बंध घातले, २००६ मध्ये उठवले. २०१० मध्ये फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने वैद्यकीय सिलिकॉनऐवजी कारखान्यातलं स्वस्त सिलिकॉन भरल्याचं उघड झालं. तिचा संस्थापक पुढे तुरुंगात गेला. तेव्हा आपल्या अंगात कुठल्या कंपनीचं काय आहे, हेच सांगता न येणाऱ्या बायका देशोदेशी होत्या. परदेशी राहणाऱ्या बाईच्या बाबतीत हे सहज घडतं. नवऱ्याची नोकरी सुटते, बिऱ्हाड हलतं, दवाखाना बंद होतो, फाइल जाते.

इम्प्लांट जन्मभराचं नसतं. दहा-पंधरा वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते, आणि ती करणारा डॉक्टर बहुधा दुसराच असेल. तेव्हा सल्ल्याला जाल तर डॉक्टरांना सीसी विचारायच्या आधी एवढं विचारा: माझ्या पायाची रुंदी किती आणि या इम्प्लांटची किती? उत्तर सेंटीमीटरमध्ये मिळालं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. शस्त्रक्रियेनंतर कंपनीचं नाव, आकार आणि अनुक्रमांक असलेलं कार्ड मागून घ्या, त्याचा फोटो काढा आणि मूळ कार्ड पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. मॅमोग्राफीला गेलात की तिथल्या तंत्रज्ञाला ते आधी दाखवा; इम्प्लांट असलेल्या स्तनाचे फोटो वेगळ्या पद्धतीने काढावे लागतात.