मतलई वाऱ्याच्या सोबतीने

कोकणच्या सागरात वल्हे मारणाऱ्याला वाऱ्याचे वेळापत्रक पाळावे लागते. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तेव्हा किनाऱ्याजवळचे पाणी शांत असते. दुपारी खारा वारा उलट दिशेने सुटला की लाटा उसळू लागतात. विजयदुर्ग ते वेंगुर्ले हा प्रवास आम्ही चौघांनी फेब्रुवारीत दोन कयाकमधून सात दिवसांत केला, तो याच नियमाने : सूर्योदयाला निघायचे आणि दुपारपूर्वी किनारा गाठायचा. सोबतीला एका जाणकार नावाड्याची यांत्रिक होडी होती.

वाघोटन खाडीच्या मुखावरील विजयदुर्ग मागे टाकल्यावर जांभ्या दगडाचे कडे आणि त्यांवरील हापूसच्या बागा लागतात. पुढे देवगडचे दीपगृह, मग लाटांच्या काठावर उभे असलेले कुणकेश्वराचे मंदिर. तांबळडेगजवळ सुरूच्या बनावरून पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड घिरट्या घालताना दिसला. आम्ही वल्ही थांबवली. तो मात्र आमची दखलही न घेता निघून गेला.

आचऱ्याच्या दक्षिणेस एका वाडीत मच्छीमार कुटुंबाकडे उतरलो. आम्ही सूर्यास्तापूर्वी जेवतो आणि कांदा-लसूणही खात नाही, हे नावाड्याने आधीच कळवले होते. घरातील काकूंनी त्यासाठी वेगळी चूल मांडली होती. घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यांत भात, तांदळाची भाकरी आणि लसणाविना केलेली कुळथाची पिठी होती. वाढताना त्यांनी संकोचाने विचारले, "आमच्या घरचा पाणी चलात मां?" आम्ही तांब्या पुढे केला, तेव्हा त्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या होडीशेजारूनच निघालो. जाळे ओढताना त्यात ऑलिव्ह रिडले जातीचे एक मोठे कासव अडकलेले दिसले. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. जाळ्यात पाण्याखाली अडकून राहिले तर गुदमरते. काकांनी क्षणभर जाळ्याकडे पाहिले आणि सुरीने भराभर फास कापले. मोकळे झालेले कासव डोके वर काढून श्वास घेऊन खोल निघून गेले. जाळ्याला हातभर भोक पडले होते. "जाळा परत शिवूक येता, जीव शिवूक येना नाय," एवढेच ते म्हणाले.

अशा प्रसंगी फाटलेल्या जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये सुरू केली. पण त्यासाठी छायाचित्र लागते, आणि त्या घाईत काकांचा मोबाईल खिशातच होता. आमच्यापैकी एकाने छायाचित्र टिपले होते. ते त्यांच्या मुलाला पाठवले. व्यापारी घरातील माणसाला मोसमातील एक दिवस बुडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. ज्यांची उपजीविका मासेमारीवर आहे, त्यांच्याच हातून आम्ही हे जीवदान पाहिले.

पुढे मालवणला सिंधुदुर्गाच्या तटाखालून गेलो. भोगवे-निवतीच्या टप्प्यात डॉल्फिनचा कळप दूरवर पाठी दाखवत गेला. सातव्या दिवशी वेंगुर्ले बंदरात कयाक वर ओढल्या.

या वाटेने जाणाऱ्यांनी जीवनरक्षक जाकीट घालावे, डॉल्फिनचा पाठलाग करू नये, जेवणाचा नियम यजमानांना आधी कळवावा आणि मोबदला देताना घासाघीस करू नये.