हॅरी पॉटर आणि अंड्यांवरची ड्रॅगनीण

हॅरी पॉटरचा चौथा सिनेमा २००५ साली निघाला. त्यात ड्रॅगन हॅरीच्या पाठी लागतो, तो भाग पुष्कळांना आवडतो. मलापण आवडतो. पण माझी ताई कॉलेजात जाते, तिने ते पुस्तक वाचलं आहे. जे. के. रोलिंग या बाईंचं हे पुस्तक २००० साली निघालं. ताईने तो धडा मला सगळा सांगितला. तर पुस्तकात असा पाठलाग नाहीच!

हॅरीला ड्रॅगनजवळचं सोन्याचं अंडं आणायचं असतं. तो मंत्र म्हणून आपला झाडू लांबून बोलावतो नि त्यावर बसून उडतो. इथवर दोन्हीकडे सारखंच. पुढे सिनेमात ड्रॅगनची साखळी तुटते. हॅरी पुढे, ड्रॅगन मागे, शाळेच्या वाड्याभोवती! हॅरी झाडूवरून घसरतो, छपरावर लोंबकळतो. शेवटी ड्रॅगन पुलावर आपटून खाली पडतो. बघताना छातीत धडधड होते.

पुस्तकात ती मादी आहे नि आपल्या अंड्यांवर बसली आहे. ती काही केल्या उठत नाही. हॅरी तिच्या तोंडापुढे इकडून तिकडे झुलत उडतो, हळूहळू वर जातो. तिच्या शेपटीचा काटा त्याच्या खांद्याला लागतो. मग ती चिडून उठते, तेवढ्यात हा खाली सूर मारून अंडं उचलतो. झालं!

मला हेच खरं वाटतं. आमची काळी कोंबडी खुडुक बसली म्हंजे पिसं फुगवते, चोच मारते. पण आपल्या पाठी पार गोठ्यापर्यंत येत नाही. अंडी गार होतील ना! सिनेमात ड्रॅगनला नुसतं सोन्याचं अंडं राखायला दिलं आहे. म्हणून तो एवढा लांब गेला असेल.

पुस्तकात क्रम नावाचा मुलगा दुसऱ्या ड्रॅगनच्या डोळ्यांवर मंत्र मारतो. तिला दिसेना, मग तिने आपलीच निम्मी अंडी तुडवली. त्याबद्दल क्रमचे मार्क कापले. सिनेमात त्याची पाळी दाखवलीच नाही.

ताई म्हणते, पडद्यावर नुसतं झुलणं दाखवलं तर लोक कंटाळतील. असेल. पण पुस्तकात ड्रॅगनला आवरायला माणसं धावत येतात. सिनेमात पुलावरून पडलेल्या ड्रॅगनकडे कोणी बघतसुद्धा नाही, सगळे हॅरीला खांद्यावर घेतात. मी ताईला विचारलं, "तो मेला का गं?" ती म्हणाली, "झोप आता."

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी