गच्चीवरचं ऊन

पहाटे गच्चीवर जाऊन सौर पॅनल पुसले. 3 किलोवॅटचा संच, ‘पीएम सूर्य घर’ योजनेतून 78,000 रुपये अनुदान. चांगल्या उन्हात दिवसाला 12 युनिट मिळतात. पण परवा भरदुपारी लाईट गेली आणि पंखा बंद! लाइनवरच्या वायरमनला झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो. बॅटरी आम्ही घेतलीच नव्हती.

तेव्हा आमच्या गावातली जुनी पाणचक्की आठवली. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून आणायचं, उंचावरून पाडायचं, की जातं फिरायचं. तिथल्या फकिरांसाठी पीठ निघायचं. निसर्गाच्या ऊर्जेवर काम चालवणं आमच्या गावाला काही नवं नाही.

आईची तक्रार वेगळीच: कुरडया वाळवायची जागा गेली. ते वाळवणंही सौरऊर्जाच म्हणा! शेवटी पॅनलच्या दक्षिणेला, सावली पडत नाही तिथं, तिला बाज टाकून दिली.